एका रांगेतली दोन प्यादी

तेन्दो गावात शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, सोंगट्यांवर अक्षरं काढणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या, पण जन्मभर फक्त प्यादीच लिहिणारी एकच, मित्सुए. नवी मुलगी धंद्यात आली की तिच्या हातात आधी प्यादंच देतात. पटावर सगळ्यांत जास्त तीच असतात, आणि एखादं बिघडलं तर फारसं नुकसान नाही. हात बसला की घोडा, मग चांदीचा सरदार, सोन्याचा सरदार, आणि केस पिकायला लागले की राजा. मित्सुएचे केस पार पांढरे झाले, तरी तिच्या फळीवर प्यादीच वाळत असायची. अक्षर असं की पेठेतले व्यापारी तिची प्यादी वेगळी काढून ठेवत. दुकानदार कानो दर वर्षी म्हणायचा, "काकू, आता तरी राजाला हात लावा. का शाप आहे तुम्हाला?"

"राजाला हात लावून झालाय माझा," ती म्हणायची, "एकदाच. तेवढं पुरे." आणि ब्रश पुन्हा काळ्या रोगणात बुडवायची.

कानोला तो विनोद वाटायचा. तो आळीत नवा होता.

मित्सुए या घरात आली ती तोकुइचीची बायको म्हणून. घरात सासू आणि दोन भाऊ. धाकटा नाओजी लाकूड कापायचा, त्याला पाच कोनांचा आकार द्यायचा. थोरला तोकुइची त्यावर अक्षरं लिहायचा, आणि राजा लिहावा तर त्यानेच, असं गावात म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, बर्फाने दार अडलेलं असताना, त्याने तिला शोगी शिकवली. ती फार वाईट खेळायची. एकही प्यादं हातचं जाऊ द्यायची नाही. तोकुइची हसायचा. "प्याद्यांवर किती जीव लावतेस. सोडायला शीक जरा."

मग लढाईचं बोलावणं आलं आणि तो मांचुरियाला गेला. मुलगी हिसा तेव्हा पोटात होती. नाओजी जन्मतः एका पायाने लंगडा, म्हणून मागे राहिला.

लढाई संपली. आळीतले एक दोघे परत आले, बाकीच्यांच्या पेट्या आल्या. तोकुइचीचीही आली, पांढऱ्या कापडात बांधलेली. हाडांची पेटी म्हणून हातात दिली, पण उचलली तर हलकी, आणि हलवली तर आत काहीतरी एकटंच खुळखुळलं. सासूबाई म्हणाल्या, उघडू नकोस. मित्सुएने न्हाणीत नेऊन उघडली. आत नाव लिहिलेली एक लाकडाची चिपटी, बाकी काही नाही. घरातून बोलावून नेलेला माणूस असा रिकामा जमिनीत जावा, हे तिला सोसेना. तोकुइचीने घरासाठी म्हणून स्वतः लिहिलेला एक डाव फडताळात होता. त्यातला थोरल्याचा राजा तिने काढला आणि पेटीत ठेवून कापड पुन्हा जसंच्या तसं बांधलं.

थोरल्याचा राजा म्हणजे काय, ते इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. पटावर दोन राजे. एकाच्या अक्षरात एक ठिपका जास्त. ज्याचा मान मोठा तो बिनठिपक्याचा घेतो, धाकटा ठिपक्याचा.

पेटी घराण्याच्या थडग्यातल्या पोकळीत गेली. भटजींनी मेलेल्या माणसाला द्यायचं नवं नाव दिलं, ते पाटीवर लिहून देव्हाऱ्यात आलं, शेजारी गणवेशातला फोटो. फडताळातला डाव तेव्हापासून बंदच राहिला. राजाशिवाय कोण काय खेळणार?

पुढच्या वर्षी एका सकाळी सासूबाई मुळे चिरताना म्हणाल्या, नाओजी घरातच आहे, पोरीला बाप हवा, मला सून हवी, बाहेरची कशाला आणा. असं आळीत आणखी दोन घरांत झालं होतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नाओजी शेगडीत बघत बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून त्याचं असंच. मनातलं तोंडावर येत नसे, कानांवर येई. मित्सुए त्याला तोवर भावोजी म्हणायची. लग्नानंतरही कित्येक दिवस तेच तोंडात यायचं आणि ती जीभ चावायची. मग एकदा, पाऊस आला म्हणून वाळत घातलेली लाकडं आत घ्यायला हाक मारताना, आपसूक "अहो" निघालं. नाओजी धावत आला आणि लाकडं न उचलता तिच्याकडेच बघत राहिला.

तो चांगला माणूस होता. एवढं लिहिलं म्हणजे त्याच्याबद्दल सगळं लिहून झालं असं लोकांना वाटतं, पण तिला थंडीत रोगण घट्ट होऊ नये म्हणून तिच्या वाटीखाली तो रोज न सांगता निखारा आणून ठेवायचा, आणि हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

तोकुइची परत आला तो पर्सिमनची फळं सोलून टांगायच्या दिवसांत. मित्सुए ओट्यावर बसून दोरीला फळं बांधत होती. कुंपणाशी कोणीतरी उभं आहे असं वाटून तिने वर पाहिलं, आणि मग आधी खाली, पायांकडे. भुताला पाय नसतात, असं इथे मानतात. याला होते, चिंध्या गुंडाळलेले.

"मित्सुए," तो म्हणाला, "यंदाची तुरट आहेत का?"

तिच्या हातातलं फळ गडगडत त्याच्याकडे गेलं. ते उचलायला तो वाकला तेव्हा तिला दिसलं, एका पायाची बोटं थंडीने गेलेली होती.

घरात येऊन तो आधी देव्हाऱ्यापुढे बसला. तिथे त्याच्याच फोटोपुढे उदबत्ती जळत होती. त्याने फोटो पाहिला, पाटीवरचं आपलं मेल्यानंतरचं नाव वाचलं, आणि उदबत्ती न विझवता उठला. कुठे होतास विचारल्यावर एवढंच म्हणाला की सैबेरियात, लाकडं तोडायला. सासूबाईंनी त्याच्या कपाळावरचा लहानपणीचा व्रण बोटाने चाचपला. रडल्या नाहीत. तांदूळ मात्र मापापेक्षा जास्त घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्यासारखी भाताची वाटी फोटोपुढे ठेवली. नाओजी म्हणाला, आई, आता कशाला?

"सवय आहे," सासूबाई म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात आल्यावर सुनेला हळूच म्हणाल्या, "पलीकडे बसून जेवतोय तो कोण, हे मला अजून नीट कळलेलं नाही बाई."

मित्सुएलाही कळत नव्हतं. आवाज तोकुइचीचा होता. पण चालताना फळ्या वाजत नसत. झोपायचा बसून, भिंतीला पाठ लावून, दाराजवळच्या खोलीत. ती खोलीही त्याने स्वतःच निवडली. घरात शिरलेल्या पहिल्या संध्याकाळीच दोघांची अंथरुणं कुठे असतात ते त्याने पाहिलं होतं आणि त्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. हिसा त्याच्या वाऱ्याला उभी राहत नसे. फोटोतला माणूस तिच्या ओळखीचा होता, त्याला ती रोज हात जोडायची. तिने एकदा दाराआडून विचारलं, "तुम्ही फोटोतून खाली कसे उतरलात?"

त्याने खरंच विचार केला. "हळूहळू," तो म्हणाला.

आणि एक दुपार मित्सुए विसरू शकली नाही. ती विहिरीवरून आत आली तर तोकुइची देव्हाऱ्यापुढे पाठमोरा बसलेला. फोटोपुढचा थंड भात तो वाटीतून सावकाश, एकेक शीत वेचून खात होता. संपल्यावर वाटी होती तिथे ठेवली आणि हात जोडले. ती तशीच मागच्या पावली बाहेर गेली.

"अहो" हा शब्द तिच्या तोंडून गेला तो तेव्हाच. तो आल्यानंतर चौथ्या पाचव्या दिवशी तिने चुलीपाशी बसून हाक मारली, "अहो, जेवायला या," आणि दोन खोल्यांची दोन दारं एकदम सरकली. दोघं भाऊ समोरासमोर आले. दोघंही थबकले, आणि दोघंही एकमेकांना वाट द्यायला मागे झाले. तेव्हापासून ती कोणालाच हाक मारीनाशी झाली. जेवण तयार झालं की ताट वाजवायची.

सार्वजनिक न्हाणीघरात शेजारणी पाठ चोळता चोळता काय बोलत ते तिच्या कानावर यायचंच. रशियाच्या कैदेतून आलेले तिकडचेच होऊन येतात म्हणे. हामानोबाई तर तोंडावर म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई. एक देव्हाऱ्यात, एक ताटावर, एक अंथरुणात." बाकीच्या हसल्या. मित्सुएने अंगावर पाणी घेतलं आणि एवढंच म्हटलं की हामानोबाई, तुमच्याकडे आहे तो एक तरी संध्याकाळी घरी येतो का? पण घरी ती लांबच्या वाटेने परतली. हा गुंता एक ना एक दिवस कोणीतरी सोडवणार, एका माणसाला घराबाहेर जावं लागणार, आणि तिला कोणी विचारणार नाही, हे तिला दिसत होतं.

त्यात तिला दिवस राहिले होते. तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? सांगितलं तर कोणी राहायचं आणि कोणी जायचं, हे बोलणं निघालं असतं, आणि या घरात अशा गोष्टी तोंडाने बोलत नसत. एका सकाळी खारवलेल्या माशाच्या वासाने तिला उमळून आलं आणि ती विहिरीच्या कठड्याला धरून ओकली. पाठीमागून एक हात आला, त्यात पाण्याचं भांडं. तोकुइची. त्याने भांडं कठड्यावर ठेवलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि गेला. हिसाच्या वेळी लढाईला निघण्याच्या आधी त्याने अशीच भांडी भरून आणली होती. त्याला सांगायची गरजच नव्हती.

त्याच दिवशी त्याने फडताळातला डाव काढला.

पट मांडून तो उन्हात बसला आणि हिसाकडे न बघता, जणू स्वतःशीच बोलतोय अशा आवाजात सांगू लागला. आडवी नऊ घरं, उभी नऊ. दोन्हीकडच्या सोंगट्या एकाच रंगाच्या. टोक ज्याच्याकडे, तो शत्रू. हिसा आधी दाराआड, मग खांबापाशी, मग चटईच्या कडेला. प्यादं एकच घर पुढे जातं, त्याला मागे येता येत नाही, आणि समोर येईल त्यालाच मारतं. शत्रूच्या शेवटच्या तीन रांगांत शिरलं की सोंगटी पलटायची. पलटलेलं प्यादं सोन्याच्या सरदारासारखं चालतं.

"आणि मारलं की मरतं?" हिसाने विचारलं.

"इथे कोणी मरत नाही. ज्याने पकडलं, त्याची होते ती सोंगटी. तो तिला हातात ठेवतो आणि वाटेल तेव्हा पटावर उतरवतो. कालपर्यंत तुझ्याकडून लढलेलं, उद्या तुझ्याच दारात, तुझ्याकडे टोक करून."

"मग ते वाईट झालं का?"

"नाही गं. लाकूड तेच असतं."

तोकुइचीने एक प्यादं बोटांत धरलं. मग म्हणाला, एक मात्र लक्षात ठेव. हातातलं प्यादं कुठेही उतरवता येतं, पण ज्या उभ्या रांगेत आपलं एक प्यादं आधीच आहे, तिथे दुसरं नाही. चुकून उतरवलं तर डाव तिथेच संपला. मग तुम्ही कितीही जिंकत असा, हरलात.

"कधीच चालत नाही?"

"आधीचं पलटलेलं असेल तर चालतं. पलटलं की ते प्यादं राहत नाही. दोघंही राहू शकतात मग."

मित्सुए तिथेच प्यादी लिहीत बसली होती. तिचा ब्रश एका सोंगटीवर जास्त वेळ टेकला आणि रोगण ओघळलं.

शेवटी तोकुइचीने डबा उलटा केला, हाताने चाचपला. "थोरल्याचा राजा कुठाय?"

मित्सुएने ब्रश खाली ठेवला. मग तीच बोलली, कारण तिनेच केलं होतं. तुमच्याबरोबर काहीच नव्हतं, ती म्हणाली, म्हणून तुमच्या पेटीत ठेवला.

तो मान हलवून उठला. संध्याकाळी परत आला तेव्हा नखांत माती होती आणि कपड्यांना ओल्या दगडाचा वास. पटाशेजारी त्याने राजा ठेवला. ओलाव्याने लाकूड काळवंडलं होतं, अक्षराचा एक फराटा निघाला होता. सासूबाई तिथून उठल्या आणि देव्हाऱ्याची दारं लावून घेतली. आपल्याच थडग्याचा दगड सरकवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे त्यांना समजेना.

त्यानंतर चार दिवसांनी पहिला बर्फ पडला, आणि जेवताना नाओजी म्हणाला, "दादा, एक डाव होऊन जाऊ दे."

लहानपणी या दोघांची भांडणं बाप पटावर मिटवायचा. पतंग कोणाचा, धाकटं कोकरू कोण सांभाळणार, सगळं. जो हरेल त्याने पुन्हा तो विषय काढायचा नाही. नाओजी एकदाही जिंकला नव्हता. त्यामुळे त्याने डाव मागितला तेव्हाच मित्सुएला कळलं, हा द्यायला निघालाय. हरेल, मग सेन्दाईला लाकूडकामाला जाईन म्हणेल, आणि भावाचं सगळं भावाला परत केल्याचं समाधान घेऊन लंगडत निघून जाईल. पोटातलं त्याला ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "खेळा. पण उद्यापासून या घरात एकच कर्ता असेल. मी म्हातारी झाले. दोन कर्त्यांची ताटं वाढताना आधी कोणाचं, ते मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसले. बाहेरच्या बर्फाचा उजेड कागदी दारांतून येत होता, माणसांच्या सावल्या पडत नव्हत्या. तोकुइचीने काळवंडलेला राजा उचलला आणि भावाच्या बाजूला सरकवला. "घरचा मोठा तू आहेस."

"ते आज ठरायचंय," नाओजी म्हणाला आणि परत सरकवला. शेवटी तो थोरल्याकडेच राहिला.

मित्सुए चहा घेऊन बाजूला बसली. बघणाऱ्याने डावात तोंड घालू नये, ही रीत. सासूबाई शेगडीपाशी डोळे मिटून होत्या, झोपल्या होत्या की नाही कोण जाणे. हिसा आजीच्या कुशीत. तोकुइचीची थंडीने सुजलेली बोटं आता राजा लिहू शकत नव्हती, पण सोंगटी ठेवताना टक् असा आवाज पूर्वीसारखाच व्हायचा. घरात त्याचा होणारा तेवढा एकच आवाज. नाओजीची तटबंदी एकेक करून मोडत गेली. तो मुद्दाम वाईट खेळत नव्हता, त्याला गरजच नव्हती. चहा दुसऱ्यांदा ओतेपर्यंत त्याचा राजा कोपऱ्यात सापडला होता. आणखी दोन चाली, फार तर तीन.

तोकुइचीने हातातलं एक प्यादं उचललं. थोडा वेळ बोटांत फिरवलं. मग भावाच्या राजाच्या तोंडासमोर उतरवलं.

टक्.

मित्सुएची नजर त्या प्याद्यावरून सरळ खाली आली, तोकुइचीच्या गुडघ्याशी. त्याच उभ्या रांगेत, डाव मांडला तेव्हापासून न हललेलं त्याचं दुसरं प्यादं उभं होतं. दोन्ही तिच्याच हातची, कारण बाकी डाव त्याने लिहिला तरी प्यादी तिने त्या पहिल्या हिवाळ्यात हट्टाने लिहायला मागितली होती. थोडी वाकडी अक्षरं, एकाखाली एक.

तोकुइची असलं चुकत नाही. झोपेतही चुकणार नाही.

तिने नाओजीकडे पाहिलं. त्याची नजर पटावर, चेहरा दगडासारखा, पण कान. कान रक्तासारखे लाल झाले होते. त्याने पाहिलं होतं. आणि त्याचा हात हळूहळू आपल्या सरदाराकडे जात होता, पुढची चाल करायला, न पाहिल्यासारखं. या घरच्या रीतीत एकदा समोरच्याने चाल केली आणि कोणी काही बोललं नाही की चूक पोटात जाते, डाव पुढे चालू राहतो. मग दोन चालींत नाओजी हरला असता.

दोघांनाही हरायचं होतं. एक तिला या बाजूने ढकलत होता, दुसरा त्या बाजूने, आणि दोघांनाही वाटत होतं आपण फार मोठं देतोय. तिला राग आला आणि तिने चहाची किटली खाली ठेवली. सहा वर्षं या माणसासाठी ती रडली होती, फोटोपुढे बसून त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगितल्या होत्या, चिपटी निघाली म्हणून त्याच्या पेटीत राजा ठेवला होता. आणि आज तो समोर आहे, जिवंत, पायाची बोटं गेलेला, आणि पोटात दुसऱ्याचं मूल आहे हे त्यालाच एकट्याला ठाऊक आहे. गप्प बसलं तर तो राहील. फक्त गप्प बसायचं. ते तिला जन्मभर जमत आलं होतं.

नाओजीच्या बोटांनी सरदाराला स्पर्श केला.

"अहो," मित्सुए म्हणाली.

किती दिवसांनी तो शब्द घरात उमटला. दोघांनीही मान वर केली. ती तोकुइचीकडे वळली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून, हळू पण नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "भावोजी, दोन प्यादी झाली."

बर्फ छपरावरून घसरून अंगणात पडला. तोकुइची तिच्याकडे बघत राहिला, पटाकडे नाही. मग त्याने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली झुकवलं. "हरलो."

नाओजी काही बोलायला गेला, तर थोरल्याने हाताने थांबवलं. "हरलो म्हटल्यावर बोलायचं नसतं, बाबांनी शिकवलंय ना?" मग सोंगट्या डब्यात भरता भरता मित्सुएला म्हणाला, "अक्षर सुधारलंय तुझं. तेव्हाचं किती वाकडं होतं बघ." आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला. ते हसू फोटोत नव्हतं. ते तिला ठाऊक असलेलं होतं, आणि तेच तिला सोसवलं नाही. ती उठून चुलीकडे गेली.

सकाळी तो निघाला. उत्तरेला खाणींत माणसं हवी आहेत, म्हणाला. सासूबाईंनी बरोबर भाताचे गोळे दिले आणि मग, बहुतेक त्यांच्याही नकळत, त्याच्या कपाळावरचा व्रण पुन्हा चाचपला. त्यांना आता कळलं होतं तो कोण ते. हिसाला त्याने नमस्कार केला, मोठ्या माणसाला करतात तसा. "येतो," म्हणाला, आणि गेला. अंगणात त्याची पावलं उमटली होती, एक पूर्ण, एक अर्धं. दुपारच्या बर्फाने ती बुजली. हिसाने विचारलं, परत फोटोत गेले का? मित्सुएने तिला आत घेऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फोटोपुढे भात ठेवला. या वेळी नाओजीने कशाला म्हणून विचारलं नाही.

वसंतात मित्सुएने डाव उघडून पाहिला. काळवंडलेला राजा होता. एक प्यादं नव्हतं.

मुलगा झाला, मग आणखी एक मुलगी. सासूबाई गेल्या. तोकुइचीचा पत्ता कधी लागला नाही. दर उन्हाळ्यात पितरांना घरी बोलवायच्या दिवसांत मित्सुए दारात काड्यांचा जाळ करायची, काकडीला काड्यांचे पाय लावून पितरांना यायला घोडा ठेवायची, आणि दर वर्षी तिचा हात अडायचा. सासऱ्यांना बोलवायचं, सासूबाईंना बोलवायचं. तोकुइचीला बोलवायचं की नाही? बोलवलं आणि तो जिवंत असला तर? न बोलवलं आणि तो कुंपणाशी उभा असला तर? ती जाळ जरा जास्त वेळ तेवत ठेवायची. काही संध्याकाळी कुंपणापलीकडे एक पाऊल पूर्ण आणि एक अर्धं वाजल्यासारखं तिला वाटायचं. ती पायांकडे बघायची. तिथे गवत असायचं.

राजा तिने कधीच लिहायला घेतला नाही. ज्यावर ठिपका द्यायचा की नाही हे आपण ठरवायचं, अशी सोंगटी तिला हातात नको होती.

हिसाचं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती आणि नाओजी थडगं धुवायला गेले. नाओजी आता काठी घेऊन चालायचा. त्याने बादली ठेवली, तिने दगडावरचं शेवाळ घासायला वाकून पाहिलं, तर उदबत्तीच्या खाचेत, पाऊस लागणार नाही असं आत सरकवून, एक सोंगटी ठेवली होती. कडा झिजून गोल झालेली, खिशात वर्षानुवर्षं राहिल्यासारखी. तिने उचलली नाही. अक्षर तिचंच होतं, पण प्याद्याचं नव्हतं. दुसऱ्या बाजूचं वर केलेलं होतं.

नाओजीने खाली वाकून पाहिलं. त्याचे कान, सुरकुतलेले आता, हळूहळू लाल झाले.

"पलटून ठेवलंय," तो म्हणाला.

"हो."

शेजारी ताज्या उदबत्तीची राख होती, की जुन्या, ते वाऱ्यामुळे सांगता येत नव्हतं. तिने दगडावर पाणी ओतलं, खाच तेवढी कोरडी राहील असं. मग दोघांनी हात जोडले. घरी जाताना टेकडीवरून उतरताना तिने नाओजीला मागून हाक मारली, "अहो, सावकाश," आणि हाक मारल्यावर सवयीने मागेही वळून पाहिलं.